पोवळ्यांची कलमं

बेल वाजली तेव्हा मी कणीक मळत होते. हात पिठाचे, म्हणून कोपरानंच कडी काढली. दारात एक उंच, सावळा माणूस उभा होता. शर्टाचा खांदा ओला, आणि हातात स्टीलचं पातेलं.

“तुमच्या घरातून पाणी गळतंय,” तो म्हणाला. “आमच्या खोलीत. थेट आईच्या गादीवर.”

“पाणी? नळाला तर परवा यायचंय.”

गारखेड्यातल्या आमच्या बिल्डिंगला नळाचं पाणी आठवड्यातून एकदाच यायचं. त्यामुळं माझं म्हणणं काही अगदीच चुकीचं नव्हतं. तो पातेल्यात बघत जरा घुटमळला.

“साधं नाही… खारट आहे.”

“चाखलंत?”

“कुठून गळतंय ते वर तोंड करून बघत होतो. तेव्हा पडलं.”

एरवी मी हसले असते. पण खारट म्हटल्याबरोबर मी पिठाच्या हातांनीच आतल्या खोलीत धावले. माशांची काचेची टाकी काठोकाठ भरून वाहत होती. पाणी खाली उतरवणाऱ्या पाइपात एक गोगलगाय जाऊन बसली होती. पंप बिचारा खालच्या छोट्या टाकीतलं पाणी वर ढकलत होता, आणि वरच्याला जायला वाटच नव्हती.

मी पंप बंद केला. मागं वळून बघते तर तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा. “फडकी कुठंयत?” एवढंच त्यानं विचारलं. मग बराच वेळ आम्ही दोघं फरशी पुसत होतो, पिळत होतो, पुन्हा पुसत होतो. शेवटी मी पाइपातून गोगलगाय ओढून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“एवढ्याशा बाईनं एवढा राडा केला?”

“बाईच कशावरून?”

“सगळं घर पाठीवर घेऊन फिरतेय म्हणून.” आणि मग त्यानं पहिल्यांदा टाकीकडं नीट बघितलं.

निळ्या उजेडात ती सगळी आपापल्या जागी होती. हरणाच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं हिरवं-जांभळं झाड. अक्रोडाच्या गरासारखं वळ्यावळ्यांचं एक. आणि ज्याची हजार बोटं पाण्याबरोबर सारखी डुलत असतात ते एक, कोपऱ्यात.

“हे दगड हलतायत,” तो म्हणाला.

“प्राणी आहेत. म्हणजे… दगडही आहेत. एकेक जीव अगदी बारका असतो. पाण्यातला चुना घेतो आणि आपलं घर आपणच बांधतो. हजारो जण, एकाच्या अंगाला एक लागून.”

“समुद्रातून तोडून आणलेत?”

“नाही, नाही. परदेशात याची शेती करतात. एका झाडाचा तुकडा तोडायचा, दुसऱ्या दगडावर लावायचा. रीतसर कागदपत्रांसह आलेत हे.”

“म्हणजे कलमं.”

मला तो शब्द कधी सुचला नव्हता. “हो,” मी म्हणाले, “कलमंच.”

“आणि समुद्र?”

“समुद्र मी बनवते. शुद्ध पाण्यात मीठ घालून.”

“जिथं प्यायला टँकर मागवायला लागतो, तिथं तुम्ही समुद्र बनवता…” टोमणा नव्हता तो. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

त्याचं नाव सुदर्शन. सोयगावला वडलांबरोबर बी-बियाणं आणि खतांचं दुकान. आईच्या उपचारांसाठी महिन्यापूर्वीच त्यानं खालचा फ्लॅट भाड्यानं घेतला होता, कॅन्सर हॉस्पिटलला जाणं-येणं सोपं पडावं म्हणून. हे त्यानं जिना उतरताना सांगितलं, आणि मला एकदम त्या ओल्या गादीची लाज वाटली.

मी कोरडी गादी घेऊन खाली गेले. त्याची आई, सारजाबाई, पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. डोक्याला सुती रुमाल, अंग वाळून काटकी झालेलं, पण डोळे असे की माणसाची झडतीच घ्यावी. मी माफी मागायला लागले, तसा त्यांनी हात वर केला.

“राहू दे पोरी. लोकं समुद्राचं पाणी अंगावर घ्यायला रामेसरला जात्यात. माझं निजल्या जागी झालं.”

*

प्रेरणा हे नाव त्यांच्या जिभेवर बसेना. त्यांनी माझं ‘पेरणा’ करून टाकलं. मी त्यांना काकू म्हणायला लागले.

बरं वाटायचं त्या दिवशी त्या संध्याकाळी वर यायच्या. एकच मजला, पण मध्ये दोनदा पायरीवर टेकायच्या. सुदर्शन मागं उभा, हात न लावता, पण पडल्या तर धरता येतील इतक्या अंतरावर. आल्या की टाकीपुढच्या खुर्चीत बसायच्या आणि बघत राहायच्या.

“पोवळं पोवळं म्हणत्यात ते हेच का गं?”

“त्याच्याच भावकीतलं.”

“आगं बया. माझ्या सासूच्या पोतीत दोन व्हते. मला वाटायचं सोनारच करतो.” मग बऱ्याच वेळानं, “म्हंजी मेलेलं लेवून फिरले की म्या.”

त्या हसल्या, पण सुदर्शन हसला नाही. ‘मेलेलं’ हा शब्द त्याच्या आईच्या तोंडून आला की तो खिडकीकडं बघायचा.

समुद्राचं पाणी बनवायला नळाचं चालत नाही. ते शुद्ध करताना बरंच पाणी वेगळं निघतं, आणि ते मी फरशीला, झाडांना वापरायचे. काकूंना हे कळल्यावर त्यांनी सुदर्शनला बादली घेऊन वर पाठवायला सुरुवात केली. कपड्यांना चालतंय की, म्हणाल्या. तो रोज संध्याकाळी बादली घेऊन यायचा. पुढं पुढं तर बादली भरलेली असली तरी यायचा… आणि रिकामी राहिली तरी निघायचा नाही.

तो खतांचा माणूस. माझ्या कपाटातल्या बाटल्या बघून म्हणाला, “कॅल्शियम, मॅग्नेशियम… हे तर आमच्याच दुकानातलं. तुमची झाडं पिवळी पडतात का?”

“पांढरी पडतात. सगळंच्या सगळं. आणि मग परत येत नाहीत.”

“कशानं?”

“कशानंही. ऊन वाढलं, खार कमी-जास्त झाला, चुना घसरला. मोठ्या समुद्रात हे व्हायला वर्षं लागतात. इथं एक दुपार पुरते.”

पाण्यातला क्षार तपासायला एक छोटी काचेची नळी असते. तिच्यात औषधाचे थेंब टाकायचे, निळं पाणी पिवळं होईपर्यंत. थेंब मोजायचं काम त्यानं आपण होऊन घेतलं. मी टाकायचे, तो मोजायचा.

“किती झाले?” मी एकदा विचारलं.

“सात… का आठ.”

“एवढं सोपं काम दिलं होतं.”

“मध्ये तुम्ही केस मागं घेतले.”

“मग?”

“मग तिथं एक सुटला बहुतेक.”

मी नळी धुतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी मी केसांना हात लावला नाही. तरी त्याचा हिशेब चुकलाच.

मीठ संपलं तेव्हा त्याच्या मोटारसायकलवरून पैठण गेटजवळ गयासभाईंच्या दुकानात गेलो. गयासभाई इतकी वर्षं मला मीठ विकत होते, पण माझ्याबरोबर कुणी येताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. मिठाची गोण गाडीवर चढवताना ते सुदर्शनला म्हणाले, “संभालके जाव भाई. मॅडम का समंदर है.” परत येताना ती गोण आमच्या दोघांच्या मध्ये होती. क्रांती चौकात सिग्नल लागला, तेव्हा तो मागं न बघताच म्हणाला, “गोण फार मोठी घेतली.”

“लहान घेतली असती तर?”

“तर गाडी हळू चालवली असती.”

सिग्नल सुटला. मला माझं हसू लपवायची गरज नव्हती, कारण मध्ये गोण होती.

त्या टाकीबद्दल मी त्याला सगळं सांगितलं ते त्याच आठवड्यात. ती माझी नव्हती. माझ्या नवऱ्याची होती… तेव्हाच्या. तो नोकरीसाठी पर्थला गेला. आधी तुला बोलावतो म्हणाला, मग जरा थांब म्हणाला, मग वकिलाचा फोन आला. हा फ्लॅट माझ्या वडलांनी घेऊन दिलेला, तो राहिला. आणि टाकी राहिली. वाळूजच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये पाण्यात काय किती आहे हे मोजणं माझं रोजचंच काम, तेच घरी येऊन करायला लागले. विकेपर्यंत तरी जगवावी म्हणून शिकत गेले, आणि शिकता शिकता विकायचं राहून गेलं.

“त्याची आठवण येते?” सुदर्शननं विचारलं.

“त्याची नाही. पण कुणीतरी निघून जाणार आहे, असं मात्र सारखं वाटत राहतं.”

तो बादली उचलायला वाकला. काय बोलणार होता? तोही जायलाच आला होता. आईचं बरं झालं की जायचं, आणि नाही झालं… तरी जायचं.

*

एप्रिल संपता संपता मी कामावरून आले, तर तो जिन्यात बसलेला. मांडीवर हॉस्पिटलची फाइल.

मी एक पायरी खाली बसले. “काय म्हणाले डॉक्टर?”

“औषध बदलून बघू म्हणाले.” तो फाइलचा कोपरा दुमडत होता, उलगडत होता. “‘बघू’ म्हणाले. आधी ‘करू’ म्हणायचे.”

“काकूंना माहीत आहे?”

“तिला आमच्या आधी कळतं सगळं. मला म्हणाली, डॉक्टरची मान खाली गेली रं.”

वर कुणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मी त्याच्या हातातली फाइल काढून घेतली, कारण त्यानं तो कोपरा पार चुरगाळून टाकला होता. हात तसाच राहिला, त्याच्या हाताशेजारी. तेवढंच.

नव्या औषधानं काकूंचे हाल केले. तोंड आतून सोलवटून निघालं. पाणी गिळायला त्रास, आणि अंगात सतत आग. त्यांचं वर येणं बंद झालं. सुदर्शन फोनवर टाकीचा व्हिडिओ काढून न्यायचा, त्या अर्धवट डोळ्यांनी बघायच्या.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळीच आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. वीज कधी येईल, कुणी धड सांगेना. दुपारपर्यंत भिंती तापल्या. माझ्याकडं एक जुना इन्व्हर्टर होता, खास टाकीसाठी घेतलेला. पाणी थंड करणारं मशिन त्यावर चालत नसे. पण पंप चालायचा, आणि पाण्यावर वारा घालणारा एक छोटा पंखा. तेवढ्यावर टाकी दिवसभर तग धरायची.

मी खाली डोकावले ते फक्त विचारपूस करायला.

काकूंच्या अंगावर ओला पंचा टाकला होता. सुदर्शन पुठ्ठ्यानं वारा घालत होता, आणि बहुतेक सकाळपासून घालत असावा, कारण त्याचा हात आता नुसता हलत होता, वारा लागत नव्हता. काकू कण्हत नव्हत्या. फक्त तोंड उघडं ठेवून श्वास घेत होत्या. वर टाकीतलं पाणी हललं नाही की मासे घेतात ना, तसा.

“हॉस्पिटलमध्ये नेऊ या का?”

“नको म्हणते. गाडीत बसवलं तरी ओरडते. अंगाला हात लावू देत नाही.”

मी वर आले. टाकीसमोर उभी राहिले. बॅटरी जुनी, दोन्हीकडं दिली तर तासाभरात दोन्हीकडं बंद पडली असती, हे मला माहीत होतं. फार वेळ विचार केला असं म्हणता येणार नाही. पंपाची पिन काढली, लांब वायर लावली आणि बाल्कनीतून खाली सोडली.

“सुदर्शन, धरा. काकूंचा पंखा लावा यावर.”

तो बाल्कनीत आला, वायर धरली, वर बघून नुसती मान हलवली. त्याला वाटलं, जास्तीची असेल.

मग मी स्टूल ओढलं, आणि मगानं टाकीतलं पाणी काढून उंचावरून परत टाकीत ओतायला लागले. पाण्यात हवा मिसळायला दुसरा उपाय नव्हता. फ्रिजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टाकल्या, त्या बघता बघता वितळल्या. टाकीच्या थर्मामीटरचा काटा वर चढत होता. डुलणाऱ्या बोटांनी स्वतःला आत ओढून घेतलं. दोन केशरी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत होते. मी ओतत होते. एका हातानं, मग दुसऱ्यानं, मग पुन्हा पहिल्यानं. रडायला वेळच नव्हता.

ऊन कलताना तो वर आला. “झोपली,” दारातूनच म्हणाला, “आज कितीतरी दिवसांनी अशी…” आणि थांबला. “हे काय करताय?”

“पाणी हलतं ठेवायला लागतं.”

“आणि पंप?”

मी ओतत राहिले. त्यानं टाकीमागं बघितलं, मग बाल्कनीतून खाली गेलेल्या वायरीकडं बघितलं. कितीतरी वेळ तो तिकडंच बघत राहिला.

“सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तुम्ही वायर वर पाठवली असती.”

तो जवळ आला आणि माझ्या हातातून मग काढून घ्यायला लागला. माझी बोटं आखडली होती, दांडी सुटेना. त्यानं एकेक बोट हळूच उघडलं. मग स्टुलावर बसून तो ओतायला लागला, मी करत होते तसंच, उंचावरून, एका लयीत. मी भिंतीला टेकून फरशीवर बसले. वीज येईपर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही. आणि तरी मला वाटतं, आमचं जे काही ठरलं ते तेव्हाच ठरलं.

*

मासे जगले. अक्रोडासारखं होतं ते जगलं. ते हिरवं-जांभळं झाड मात्र तिसऱ्या दिवशी बुडापासून पांढरं व्हायला लागलं. कातडी सुटावी तसं मांस सुटून पाण्यात तरंगत होतं, आणि खाली नुसता हाडासारखा चुना.

“वर अजून रंग आहे,” सुदर्शन काचेला नाक लावून म्हणाला. “खोड गेलं की शेंडे वाचवायचे. तोडायला लागेल.”

“माहितीये.”

“मग?”

“मोठं व्हायला चार वर्षं लागली याला.”

“तुम्ही धरा, मी तोडतो.”

“नाही. तुम्ही धरा. तोडते मीच.”

कट्ट आवाज होतो, पेन्सिल मोडावी तसा. त्यानं पाण्यात कोपरापर्यंत हात घालून फांद्या धरल्या, मी जाड पकडीनं शेंडे तोडत गेले. पांढऱ्याच्या बरंच वर, जिवंत भागातून. मग एकेक शेंडा सुपरग्लूनं छोट्या दगडी चकतीवर उभा केला. खोड बाहेर काढलं तेव्हा त्याला कुजका वास येत होता. ते धुवायला सुदर्शनच घेऊन गेला, मला बघायला लागू नये म्हणून.

काकूंना कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या आठवड्यात त्यांना जरा उतार पडला, आणि त्यांनी वर न्यायचा हट्टच धरला. सुदर्शननं त्यांना उचलून आणलं. वजन असं उरलंच नव्हतं. खुर्चीत बसल्या, बघितलं, आणि त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

“इथलं कुठं गेलं?”

सुदर्शननं सांगितलं. सगळं. मी त्याला खुणावत होते, पण त्यानं ऐकलं नाही.

काकूंनी बोट काचेवरून काढलं. मग म्हणाल्या, “मला इचारायचं तरी, पेरणा.”

“तुम्ही हो म्हणाला नसतात.”

“नसतेच म्हणले.” त्यांनी माझा हात ओढून आपल्या मांडीवर ठेवला. त्यांचा तळहात तापलेला, कोरडा. “लई गार वारा व्हता त्यो,” त्या म्हणाल्या. “झोप लागली व्हती मला.” आणि मग मुलाकडं न बघताच, “सुदर्शना, आता मला घरी ने. बास झालं.”

*

जूनमध्ये ते गेले. सामान थोडंच होतं. काकूंना मागच्या सीटवर उशा लावून निजवलं. मी पाणी, मोसंब्या, असलं काहीबाही आत ठेवत होते.

सुदर्शन गाडीचं दार लावून माझ्यापाशी आला. “तुमच्याशी बोलायचं होतं.”

“बोला.”

“आता नाही… ती कशासाठी चाललीय ते मला माहितीये. अशा वेळी स्वतःसाठी काही मागणं बरं वाटत नाही.”

“नका मागू,” मी म्हणाले. आवाज नीट निघाला, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

घर एकदम मोठं झालं. संध्याकाळी बादली भरून वाहायची, मी ती झाडांना घालायचे. शेंड्यांपैकी बरेचसे गेले, एकामागून एक. मी रोज पाणी तपासायचे, थेंब स्वतःच मोजायचे, आणि कधी चुकायचं नाही. हेच मला सहन होईना.

त्याचा फोन यायचा, पण बोलणं आईपुरतं. आज पेज घेतली. आज नाही घेतली. आज ओळखलं नाही. मग एका दुपारी त्यानं व्हिडिओ कॉल केला, आणि फोन काकूंसमोर धरला. मी त्यांना लवकर ओळखलं नाही. त्यांनी मला ओळखलं.

“शेंडा…” त्या म्हणाल्या. पुढचं ऐकू येईना.

“शेंडा धरला का विचारतेय,” सुदर्शन म्हणाला.

मी फोन काचेजवळ नेला. उरलेल्यांतल्या तीन शेंड्यांनी आपल्या चकतीवर पाय पसरले होते. नखाएवढे, जांभळे, पण दगडाला घट्ट धरलेले. “धरला, काकू. तीन लागले.”

त्या बघत होत्या. पापणी हलली. “बरं झालं,” एवढं कळलं मला.

श्रावणाच्या पहिल्याच आठवड्यात त्या गेल्या.

*

दहाव्याला मी एसटीनं सोयगावला गेले. सिल्लोड, अजिंठा, मग घाट उतरताना धुकं आणि चिरचिर पाऊस. खाली कपाशी गुडघ्याएवढी झाली होती. घर विचारत गेले, तर अंगणात माणसं जेवत होती. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ डोकं भादरलेले, गुडघ्यांना मिठी मारून बसलेले. कडूबाकाका, सुदर्शनचे वडील.

मी नाव सांगितलं. त्यांनी मान वर केली. “पंखा देणारी का तू?”

मी मान हलवली.

“ती सांगायची,” ते म्हणाले. “सारखं सांगायची.” मग सरकून त्यांनी मला ओट्यावर जागा करून दिली. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, माणसं पांगेपर्यंत.

नंतर सुदर्शन मला दुकानात घेऊन गेला. शटर अर्धंच उघडलं. आत बियाण्यांच्या पिशव्या आणि खतांचा उग्र वास. डोक्याचं मुंडन झाल्यानं तो लहान दिसत होता, आणि थकलेला. एक स्टूल माझ्याकडं सरकवून तो थप्पीला टेकून उभा राहिला.

“मावशीनं मुलगी सांगितलीय. सिल्लोडची. वर्षाच्या आत उरकायचं म्हणतायत सगळे.”

“कशी आहे?”

“बघितली नाही.”

“बघा मग.”

“नाही बघणार.” तो खाली बघत होता. “तुम्हाला चालत असेल तर बघतो.”

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. मी तिचा आवाज पार विरेपर्यंत थांबले. “नाही चालत,” मी म्हणाले.

त्यानं तोंडावरून दोन्ही हात फिरवले, आणि ते हात तिथंच राहिले. खांदे हलले तेव्हा कळलं मला. दहा दिवस सगळ्यांसमोर आवरलेलं होतं ते. मी उठले आणि त्याच्या शेजारी थप्पीला टेकले, खांद्याला खांदा लावून. त्याचं होईपर्यंत तिथंच राहिले.

“वडलांना सोडून मला तिकडं येता येणार नाही,” बऱ्याच वेळानं तो म्हणाला.

“मला नोकरी सोडून इकडं येता येणार नाही. टाकीही नाही. इथं वीज किती वेळ असते?”

“विचारू नका.” तो जरासा हसला, आणि ते हसू तिथंच विझलं. “शनिवारी येत जाईन. सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. अशाला कुणी संसार म्हणेल का?”

“माझं एकदा रोजचं लग्न होतं,” मी म्हणाले. “ते नाही टिकलं. दोन दिवसांचं टिकतंय का बघू.”

“लोक बोलतील.”

“तुमच्याकडचे की माझ्याकडचे?”

“दोन्हीकडचे.”

“मग वाटून घेऊ.”

शेवटची बस संध्याकाळच्या आतच होती. स्टँडवर चिखल, पाऊस थांबलेला. त्यानं मला खिडकीजवळची जागा धरून दिली आणि खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला. कितीतरी बोलायचं होतं, पण आता ते सगळं शनिवारवर टाकता येत होतं. कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली तसा तो दोन-चार पावलं बरोबर चालला, गजाला हात लावून.

“पोचलीस की फोन कर,” तो म्हणाला.

एवढ्या महिन्यांत तो मला कधी एकेरी बोलला नव्हता.

“करते,” मी म्हणाले. “सकाळपासून काही खाल्लं नाहीस तू. आधी घरी जा, आणि जेव.”